जीवाणूंचे विषाणू आणि आपले आतडे : प्रस्तावना

निरोगी माणसाच्या एक ग्रॅम विष्ठेत साधारण अब्जभर विषाणू-कण असतात. त्यांतले माणसाच्या पेशींना बाधा करणारे फार थोडे. बाकीचे जवळजवळ सगळे जीवाणूंवर जगतात; त्यांना बॅक्टेरिओफाज किंवा नुसते फाज म्हणतात. आतड्यातल्या जीवाणूंविषयी गेल्या दोन दशकांत मराठीतही पुष्कळ लिहिले गेले आहे. दही-ताकाच्या गुणांपासून प्रोबायोटिकच्या कॅप्सूलपर्यंत आणि लठ्ठपणापासून मनाच्या आरोग्यापर्यंत त्यांचा संबंध सांगितला जातो. या सगळ्या चर्चेत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. आतड्यात कोणता जीवाणू किती वाढेल, हे आपला आहार, आपली प्रतिकारशक्ती आणि जीवाणूंमधली आपापसातली चढाओढ यांनीच ठरते, असे आपण मानून चालतो. हे गृहीत अपुरे आहे, असे मला ठामपणे वाटते. जीवाणूंची संख्या, त्यांचे स्वभाव आणि त्यांच्या अंगची विषारी किंवा उपकारक क्षमता यांच्यावर फाजांचा सतत परिणाम होत असतो. म्हणून फाज हा आतड्याच्या व्यवस्थेचाच एक घटक मानला पाहिजे. त्याच्याकडे केवळ जीवाणूंचा मारेकरी म्हणून किंवा उद्याचे औषध म्हणून पाहिले, तर त्याचे खरे काम नजरेतून सुटते. पुढच्या प्रकरणांकडे वळण्याआधी हे म्हणणे कोणत्या पुराव्यावर उभे आहे आणि त्यावर कोणते आक्षेप येतात, ते येथे मांडतो.

फाजांचा शोध माणसाच्या आतड्यातूनच लागला, हे आज बरेचसे विसरले गेले आहे. त्याच्या आधीचा एक धागा भारतातला आहे. आग्रा येथे काम करणाऱ्या अर्नेस्ट हँकिन यांनी 1896 साली असे नोंदवले की, गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जीवाणू मरतात आणि तेच पाणी उकळले की त्याचा हा गुण जातो. कारण त्यांना कळले नव्हते. 1915 मध्ये लंडनमध्ये फ्रेडरिक ट्वॉर्ट यांना जीवाणूंच्या वसाहती विरघळताना दिसल्या. 1917 मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत फेलिक्स द'हेरेल यांनी आमांशाच्या रुग्णांची विष्ठा अतिसूक्ष्म छिद्रांच्या गाळणीतून गाळली. त्या गाळलेल्या पाण्याने आमांशाचे जीवाणू विरघळत होते, आणि हा गुण रुग्ण बरा होऊ लागण्याच्या सुमारास प्रबळ होत होता. द'हेरेल यांनी त्यातून दोन निष्कर्ष काढले. एक, हा जीवाणूंवर जगणारा विषाणू आहे. दुसरा, रुग्ण बरा होण्यात त्याचा वाटा आहे. 1927 मध्ये ते भारतात आले, आणि पुढे आसाम व बिहारमध्ये कॉलऱ्यावर फाज देण्याचे मोठे प्रयोग झाले. मात्र तुलनेसाठी योग्य गट नसणे आणि फाजांच्या द्रावणाची शुद्धता बेभरवशाची असणे, यांमुळे असे प्रयोग वादात सापडले. त्यानंतर प्रतिजैविके आली आणि पश्चिमेत हा उपचार मागे पडला. जॉर्जियातील तिबिलिसी येथे तो टिकून राहिला. फाज मग प्रयोगशाळेत गेले. डीएनए हेच आनुवंशिकतेचे द्रव्य आहे, याचा एक निर्णायक पुरावा 1952 मध्ये हर्षी आणि चेस यांनी फाजांवरच मिळवला. अशा रीतीने रेणूजीवशास्त्राला फाजांनी पुष्कळ दिले. पण निरोगी माणसाच्या आतड्यात ते काय करतात, हा मूळचा प्रश्न जवळजवळ सहा दशके कोणी नेटाने विचारला नाही.

न विचारण्याला एक तांत्रिक कारणही होते. जीवाणू ओळखायला सर्व जीवाणूंमध्ये सापडणारा एक समान जनुक उपयोगी पडतो. त्याचा थोडासा भाग वाचला की जात कळते. विषाणूंमध्ये सर्वांना समान असा एकही जनुक नाही. शिवाय फाज वाढवायचा तर आधी त्याचा यजमान जीवाणू वाढवावा लागतो, आणि आतड्यातले कित्येक जीवाणू प्राणवायूच्या नुसत्या स्पर्शाने मरतात. ही कोंडी फुटली ती नमुन्यातला सगळा डीएनए एकदम वाचण्याच्या पद्धतीमुळे. 2003 मध्ये माया ब्राइटबार्ट, फॉरेस्ट रोवर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या विष्ठेतल्या विषाणू-समुदायाचा असा पहिला अभ्यास प्रसिद्ध केला; एकाच नमुन्यात सुमारे 1200 प्रकार असावेत, असा त्यांचा अंदाज होता. 2014 मध्ये आधीच जाहीर झालेल्या माहितीचे तुकडे संगणकावर जोडताना सुमारे 97 हजार अक्षरांचा एक जनुकसंच हाती आला. त्याला क्रॅसफाज असे नाव मिळाले. जगभरच्या माणसांमध्ये तो मुबलक होता. काही नमुन्यांत तर विषाणूंच्या डीएनएपैकी 90 टक्क्यांपर्यंत वाटा त्याचा एकट्याचा होता, आणि तोवर त्याचे अस्तित्वच कोणाला माहीत नव्हते. 2021 मध्ये इंग्लंडच्या सँगर संस्थेतील संशोधकांनी 28 देशांतल्या 28 हजारांहून अधिक नमुन्यांतून आतड्यातल्या फाजांचे सुमारे 1 लाख 42 हजार जनुकसंच गोळा केले. त्यांतले निम्म्याहून अधिक विज्ञानाला पूर्वी अज्ञात होते.

येथे पहिला आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. संगणकाने तुकडे जोडून काढलेली ही अक्षरांची मालिका म्हणजे जिवंत, संसर्ग करणारा विषाणू कशावरून? जोडणीत चुका होतात. नमुन्यातला डीएनए वाढवून घेण्याची एक पद्धत लहान वर्तुळाकार जनुकसंचांना झुकते माप देते, त्यामुळे सुरुवातीच्या काही अभ्यासांत त्यांची संख्या फुगलेली दिसली. आरएनए हे ज्यांचे आनुवंशिक द्रव्य आहे असे विषाणू, डीएनएच वाचणाऱ्या अभ्यासांतून सुटतात. या मर्यादा खऱ्या आहेत, आणि अशा याद्यांतले आकडे वाचताना त्या ध्यानात ठेवल्याच पाहिजेत. पण आक्षेपाचे उत्तर प्रयोगशाळेतून मिळू लागले आहे. आयर्लंडमधील कॉर्क येथे आंद्रे श्कोपोरोव, कॉलिन हिल आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये क्रॅसफाजांच्या कुळातला एक विषाणू प्रत्यक्ष वाढवला आणि बॅक्टेरॉइडिस इंटेस्टिनॅलिस हा त्याचा यजमान असल्याचे दाखवले. संगणकातली नोंद काचेच्या नळीत जिवंत झाली. आणखी महत्त्वाचे म्हणजे, हा फाज आणि त्याचा यजमान एकाच द्रवात दीर्घकाळ शेजारी-शेजारी नांदत राहिले. फाजांची संख्या मोठी राहिली आणि जीवाणूही नामशेष झाले नाहीत. फाज हा केवळ संहारक असता, तर असे घडले नसते.

हे सहजीवन समजण्यासाठी फाजांचे दोन मार्ग माहीत हवेत. एका मार्गात फाज जीवाणूच्या पृष्ठभागाला चिकटतो, आपला डीएनए आत सोडतो, पेशीची यंत्रणा ताब्यात घेऊन स्वतःच्या प्रती काढतो आणि पेशी फोडून बाहेर पडतो. दुसऱ्या मार्गात त्याचा डीएनए जीवाणूच्या डीएनएतच मिसळून सुप्त राहतो आणि पिढ्यान्‌पिढ्या त्याच्याबरोबर वाढतो. या अवस्थेला प्रोफाज म्हणतात. जीवाणूवर ताण आला की प्रोफाज जागा होतो आणि पहिला मार्ग धरतो. समुद्राच्या पाण्यात एका जीवाणूमागे साधारण दहा विषाणू सापडतात. आतड्यात हे प्रमाण एकास एक किंवा त्याहूनही कमी दिसते, आणि आतड्यातल्या बहुतेक जीवाणूंमध्ये प्रोफाज आढळतात. यावरून कोणी म्हणेल की, आतड्यातले बहुतेक फाज निद्रिस्त आहेत, तर त्यांना व्यवस्थेचा घटक कशाला मानायचे? मला हा युक्तिवाद पटत नाही. 2010 मध्ये जेफ्री गॉर्डन यांच्या सेंट लुईस येथील गटाने जुळ्या बहिणींच्या चार जोड्या आणि त्यांच्या माता यांचे नमुने वर्षभरात अनेकदा तपासले. एका कुटुंबातल्या व्यक्तींच्या जीवाणूंमध्ये बरेच साम्य होते. विषाणू मात्र प्रत्येकीचे वेगळे होते, आणि प्रत्येकीत ते वर्षभर जवळजवळ तेच राहिले. आतड्यातून रोज सगळे वाहून जात असताना एखादा समुदाय वर्षभर तसाच टिकतो, याचा अर्थ तो सतत नव्याने निर्माण होत आहे. जीवाणूही स्वस्थ बसत नाहीत. बॅक्टेरॉइडिस आपल्या बाह्य आवरणाचे प्रकार पालटत राहतात, त्यामुळे काही पेशी नेहमी फाजांच्या तावडीतून सुटतात आणि काही नेहमी सापडतात. आतड्याच्या आतल्या बुळबुळीत थरात, श्लेष्म्यात, काही फाज चिकटून राहतात. तेथे ते जीवाणूंना आपल्या पेशींपर्यंत पोचण्यापासून अडवत असावेत, असे जेरेमी बार आणि रोवर यांनी 2013 मध्ये प्रयोगांच्या आधारे मांडले. आज दिसणारी स्थिरता ही या अखंड देवाणघेवाणीतून साधलेली आहे.

ही व्यवस्था जन्मानंतर कशी उभी राहते, हे पाहिले की मुद्दा अधिक स्पष्ट होतो. फिलाडेल्फियातील फ्रेडरिक बुशमन यांच्या गटाने 2020 मध्ये दाखवले की, नवजात बाळाच्या पहिल्या शीमध्ये विषाणू जवळजवळ नसतात. महिनाभरात मात्र ग्रॅममागे अब्जभर कण होतात. पहिली लाट येते ती बाळाच्या आतड्यात आधी वस्तीला आलेल्या जीवाणूंमधल्या प्रोफाजांची. माणसाच्या पेशींना बाधणारे विषाणू चौथ्या महिन्याच्या सुमारास ठळक होतात, आणि स्तनपान मिळणाऱ्या बाळांमध्ये ते कमी आढळतात. 2023 मध्ये कोपनहेगनच्या संशोधकांनी एक वर्ष वयाच्या 647 निरोगी मुलांच्या नमुन्यांत दहा हजारांहून अधिक विषाणू-जाती नोंदवल्या. त्या 248 कुळांत विभागल्या गेल्या, आणि त्या कुळांपैकी फक्त 16 पूर्वी माहीत होती. निरोगी मुलांमध्ये एवढे विषाणू आहेत, हे वाचून घाबरण्याचे कारण नाही. विषाणू म्हणजे रोग, हे समीकरण आपल्या मनात इतके पक्के बसले आहे की निरोगीपणाच्या मोजमापात विषाणूंना जागाच उरत नाही. हे समीकरण मोडणे, ही या पुस्तकाची पहिली गरज आहे.

फाज जीवाणूंची संख्या बदलतात, त्याहून खोल परिणाम ते जीवाणूंच्या स्वभावावर करतात. कॉलऱ्याचे जे विष रुग्णाला काही तासांत निर्जल करते, त्याचे जनुक मूळ जीवाणूचे नसून एका फाजाने त्यात आणलेले आहे. हे मॅथ्यू वाल्डोर आणि जॉन मेकालानोस यांनी 1996 मध्ये सिद्ध केले. घटसर्पाचे विषही फाजाचीच देणगी आहे. 2011 मध्ये जर्मनीत मोड आलेल्या मेथीतून पसरलेल्या ई-कोलायच्या साथीत 3800 हून अधिक लोक आजारी पडले आणि 50 हून अधिक दगावले. त्या जीवाणूने शिगा विषाचे जनुक एका फाजाकडून घेतलेले होते. अशा संसर्गात काही प्रतिजैविके प्रोफाजाला जागे करून विष वाढवू शकतात, म्हणून डॉक्टर तेथे जपून वागतात. दुसऱ्या बाजूला, ढाक्यातील संशोधकांनी 2005 मध्ये नोंदवले की, पाण्यात कॉलऱ्याच्या जीवाणूंवरचे फाज वाढतात तेव्हा रुग्ण कमी होतात आणि फाज कमी असतात तेव्हा साथ उसळते. म्हणजे एकाच रोगाच्या बाबतीत एक फाज जीवाणूला घातक बनवतो आणि दुसरे फाज त्याची साथ ओसरायला हातभार लावतात. फाज चांगले की वाईट, असा प्रश्न विचारण्यात म्हणूनच अर्थ नाही. कोणता फाज, कोणत्या जीवाणूत, कोणत्या परिस्थितीत, हे सांगितल्याशिवाय त्याचे उत्तर देता येत नाही.

सर्वांत बळकट आक्षेप कार्यकारणाचा आहे. 2015 मध्ये क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस या आतड्याच्या दाहरोगांच्या रुग्णांमध्ये शेपटीवाल्या फाजांचे वैविध्य वाढलेले आढळले. टीकाकार विचारतात, हे रोगाचे कारण कशावरून? दाहामुळे जीवाणूंवर ताण येतो, प्रोफाज जागे होतात आणि बाहेर पडतात. मग वाढलेले फाज हा रोगाचा परिणामच नसेल का? केवळ रुग्ण आणि निरोगी यांची तुलना करून हा आक्षेप खोडता येत नाही, हे मी मान्य करतो. त्यासाठी हस्तक्षेपाचे प्रयोग लागतात, आणि ते होऊ लागले आहेत. 2019 मध्ये बॉस्टनमध्ये जॉर्ज गर्बर यांच्या गटाने निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या उंदरांच्या आतड्यात माणसाच्या आतड्यातले मोजके, ओळखीचे जीवाणू वसवले आणि नंतर त्यांतल्या काहींवरचेच फाज सोडले. ते जीवाणू घटले. पण ज्यांच्यावर फाजांचा हल्लाच झाला नव्हता अशा जीवाणूंची संख्याही बदलली आणि आतड्यातली रसायनेही बदलली. येथे क्रम स्पष्ट आहे: आधी फाज, मग बदल. 2017 मध्ये जर्मनीतील कील येथे क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलच्या वारंवार होणाऱ्या संसर्गाच्या पाच रुग्णांना निरोगी दात्याच्या विष्ठेतून सगळे जिवंत जीवाणू गाळून काढलेला द्राव दिला गेला आणि पाचही जण बरे झाले. हा पुरावा मी जपून वापरतो. रुग्ण पाचच होते, आणि त्या द्रावात फाजांबरोबर जीवाणूंचे अवशेष आणि त्यांनी तयार केलेली रसायनेही होती. पण जिवंत जीवाणू न देताही आतड्याची घडी बसू शकते, एवढे त्यातून दिसते, आणि केवळ जीवाणूंच्या भाषेत मांडलेली उपपत्ती तेवढ्याने अडचणीत येते.

उपचाराच्या बाजूने आणखी एक आक्षेप येतो. फाज एवढे प्रभावी असतील, तर त्यांनी रुग्ण बरे का होत नाहीत? 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या बांगलादेशातील चाचणीत जुलाब झालेल्या 120 लहान मुलग्यांपैकी काहींना ई-कोलायवरचे फाज तोंडाने दिले गेले. फाज सुरक्षित ठरले, पण आजार लवकर बरा झाला नाही. हे अपयश लपवण्यासारखे नाही. उलट ते बारकाईने वाचण्यासारखे आहे. त्या मुलांच्या आतड्यात ई-कोलाय एकूण जीवाणूंच्या मानाने थोडेच होते, दिलेले फाज आतड्यात फारसे वाढले नाहीत, आणि त्या जुलाबांत ई-कोलायचा वाटा किती हेच संदिग्ध होते. फाज हा गोळीसारखा ठरावीक मात्रेत काम करणारा पदार्थ आहे, असे धरून चालल्याचा हा परिणाम आहे. त्याला पुरेसे यजमान मिळाले तरच तो वाढतो. याउलट 2019 मध्ये बर्न्ड श्नाबल यांच्या गटाने मद्यजन्य यकृतदाहात सायटोलायसिन हे विष बनवणारा एंटेरोकोकस फीकॅलिस आधी नेमका ओळखला आणि मग त्यावरचे फाज उंदरांना देऊन यकृताची हानी कमी केली. 2022 मध्ये इस्रायलमध्ये एरान एलिनाव यांच्या गटाने आतड्याच्या दाहाशी जोडलेल्या क्लेबसिएला न्यूमोनीच्या विशिष्ट वाणांवर पाच फाजांचा संच तयार केला. उंदरांमध्ये दाह कमी झाला, आणि निरोगी स्वयंसेवकांमध्ये हे फाज सुरक्षित असल्याचे व आतड्यात टिकत असल्याचे दिसले. उंदरांतले यश म्हणजे माणसातला उपचार नव्हे. पण फरक कोठे पडला, ते कळते. लक्ष्य नेमके होते तेथे परिणाम दिसला. व्यवस्था समजल्याशिवाय औषध मिळणार नाही, हा धडा या दोन्ही बाजूंच्या पुराव्यांतून मिळतो.

आता आपल्याकडच्या वाचकाने विचारावा असा प्रश्न: ही सगळी माहिती कोणाच्या आतड्यांची? बहुतांश नमुने युरोप, उत्तर अमेरिका आणि चीनमधले आहेत. तेथील बऱ्याच लोकांच्या आतड्यात बॅक्टेरॉइडिस वरचढ असतो, आणि क्रॅसफाज हा त्याच गटातल्या जीवाणूंवर जगतो. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील योगेश शौचे आणि सहकाऱ्यांनी 2016 मध्ये दाखवले की, भारतीयांच्या आतड्यात प्रिव्होटेला आणि मेगास्फेरा हे जीवाणू ठळकपणे अधिक असतात. यजमान निराळे, तर त्यांचे विषाणूही निराळे असणार. याचा पुरावा शेजारच्या देशातून आलाच आहे. बांगलादेशातील लाक्सम भागातल्या लोकांच्या नमुन्यांत 2019 मध्ये प्रिव्होटेलावरचे अतिविशाल फाज सापडले. त्यांचे जनुकसंच 5 लाख 40 हजार अक्षरांहून मोठे आहेत, आणि त्या भागावरूनच त्यांना लाक फाज हे नाव पडले. केवळ पाश्चात्त्य नमुन्यांवर विसंबलो असतो, तर हे फाज इतक्या सहज हाती लागले नसते. आपल्याकडे भाकरी-डाळीचा तंतुमय आहार झपाट्याने मागे पडत आहे, आणि प्रतिजैविके चिठ्ठीशिवायही घेतली जातात. आहार आणि औषधे बदलली की जीवाणू बदलतात, आणि त्यांच्यावरच जगणारे विषाणूही त्यांच्याबरोबर जातात. आदिवासी पाड्यांपासून शहरी वस्त्यांपर्यंतचे नमुने, देणाऱ्यांची समजून-उमजून घेतलेली संमती घेऊन, आजच जपून ठेवणे निकडीचे आहे. हे काम परदेशातल्या प्रयोगशाळा आपल्यासाठी करणार नाहीत.

वाचकाला शेवटी एक विनंती. आतड्यातल्या फाजांविषयी येत्या काही वर्षांत मोठे दावे केले जातील, आणि त्यांच्या नावावर महागड्या बाटल्याही विकल्या जातील. कोणताही दावा वाचताना कोणता फाज, कोणता जीवाणू आणि पुरावा कोणात मिळाला, हे विचारा. पुरावा काचेच्या नळीतला आहे, उंदरातला आहे की माणसातला, याचे उत्तर मिळाल्याशिवाय दावा मान्य करू नका, आणि केवळ विषाणू हा शब्द पाहून तो झिडकारूही नका. जीवाणूंविषयी आपण जे शिकलो ते चुकीचे नव्हते, अर्धे होते. उरलेले अर्धे त्यांच्या विषाणूंमध्ये आहे, आणि ते समजून घेतल्याशिवाय आतड्याच्या आरोग्याविषयी केलेले कोणतेही विधान पूर्ण मानता येणार नाही.